वॉर्डात बघितलेली ‘ढकलगाडी’

मी काही लेखक नाही, हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला लिहिता येतं. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की येत नाही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, वार्षिक अंकासाठी तुझ्या आजारपणाचं लिही. मी नाही म्हणालो. माझ्यापेक्षा जास्त सोसलेली माणसं त्याच वॉर्डात होती. त्यांनी कुठं काही लिहिलं नाही, आणि मी लिहायचं, याचा संकोच वाटला. मॅडम म्हणाल्या, “आत्ता कुणीतरी पोरगा किंवा पोरगी तशाच खाटेवर पडून रिपोर्टची वाट बघत असेल. त्यांच्यासाठी लिही.” मग मला नाही म्हणता येईना.

डॉक्टरी माहिती यात नाही, ती डॉक्टरांनाच विचारावी. मला नक्की काय झालं होतं तेही अगदी शेवटी येईल, कारण मला स्वतःला ते शेवटीच कळलं. आणि यात टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेबद्दल बरंच आहे. आजारपणाच्या लेखात ते शोभतं का, मला माहीत नाही. पण ती मालिका काढून टाकली तर माझ्याकडे सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

आठ वाजता

मालिकेचं नाव ‘ढकलगाडी’. समुद्रकाठची एक पोलीस चौकी, तिथले दोन पोलीस. फौजदार इनामदार घाटावरून नवा आलेला, सगळं नियमानं करणारा, होडीत पाय ठेवला की ओकणारा. हवालदार म्हसकर इथलाच, निवृत्तीला टेकलेला. ज्याला पकडायचं त्याच्याच घरी आधी चहा पिणार. दोघांचं एका गोष्टीवर पटत नाही. चौकीला एक जीप आहे, ती ढकलल्याशिवाय चालू होत नाही, आणि जो समोर सापडेल त्यानं ढकलायची. कधी सरपंच, कधी नवरदेव. एकदा पकडलेल्या चोरानंच ढकलली आणि जीप चालू झाल्यावर हे दोघं त्याला मागेच विसरून गेले.

माझे आजोबा मिठागरावर होते. बाबा बर्फाचा टेम्पो चालवतात, कारखान्यातून बंदरावर. रविवारी काशीदच्या टपऱ्यांनाही लाद्या टाकून येतात. संध्याकाळी आंघोळ करून ते टीव्हीसमोर जमिनीवर बसायचे, मी त्यांच्या बाजूला. बाबा चौथी शिकलेत. मी कॉलेजात जायला लागल्यापासून ते माझ्याशी जपून बोलायला लागले होते, कुठल्या तरी साहेबाशी बोलावं तसं. मला ते आवडत नव्हतं, पण काय करावं हेही कळत नव्हतं. त्या अर्ध्या तासात मात्र तसं नव्हतं. बाबा विनोद व्हायच्या आधीच हसायचे.

“आता बघ, आता बघ, म्हसकर त्या खुर्चीत बसंल न् ती मोडंल.”

ती मोडायचीच. मग बाबा मांडीवर थाप मारायचे, आणि पुन्हा जीप अडली की त्यांना खराखुरा राग यायचा. “अरे बॅटरी न्हाय गेलेली, अर्थिंग सुटलंय तिचं! यांना कोन सांगनार!”

“दोघं तिथं, न् दोघं येडे हितं,” आई चुलीपासून म्हणायची.

आमचं दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच. ते पुरायचं.

दुसरं

संध्याकाळी कणकण यायची. पँट कमरेवरून सरकायला लागली. मानेवर एक गाठ आली, दुखत नव्हती म्हणून मी तिला हात लावायचो आणि सोडून द्यायचो. परीक्षा जवळ आली होती, त्याचंच टेन्शन असेल असं वाटलं. एका रविवारी बाबांबरोबर लाद्या उतरवताना मला धाप लागली आणि मी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा राहिलो. बाबांनी बघितलं आणि उरलेल्या लाद्या एकट्यानं उतरवल्या. दुसऱ्या दिवशी बर्फ अर्धा टाकून झाला होता, अर्धा गाडीतच होता. तशीच त्यांनी गाडी अलिबागकडे वळवली. मला आणि आईला वाटेत घेतलं.

हॉस्पिटलात एक्स-रे झाला, आणखी एक मोठा फोटो झाला. छातीत पाणी होतं, आतही गाठी होत्या. डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. त्या घाईत नव्हत्या, हे मला अजून आठवतं.

“दोन शक्यता आहेत. एक म्हणजे टीबी. त्याला औषध आहे, तो बरा होतो.”

“न् दुसरं?” आईनं विचारलं.

बाईंनी दुसरीचंही नाव सांगितलं. तो शब्द मी आधी ऐकला होता, पण कायम दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला. गाठीचा तुकडा काढून मुंबईला पाठवायचा आणि मग कळणार. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे ‘दुसरं’ म्हणायचे. दुसरं नसंल. दुसरं असतं तर त्याला भूक लागली नसती. दुसऱ्यात म्हने केस जातात, याचे तर हायेत.

मी बाबांकडे बघत होतो. ते काहीतरी बोलतील असं वाटत होतं. ते फरशीकडे बघत होते. मग “बर्फ वितळतोय, येतो मी,” म्हणाले आणि उठून गेले. खिडकीतून दिसलं, टेम्पोखालून निघालेल्या पाण्याचा ओघळ फाटकापर्यंत गेला होता. मला इतका राग आला. आईला माझ्याहून जास्त आला. “पोरापरीस बर्फ मोठा झाला याला,” ती म्हणाली, आणि मग डॉक्टरबाई समोर आहेत हे लक्षात येऊन तिनं पदर तोंडाला लावला.

बाटली

छातीतलं पाणी काढायला बरगड्यांमधून नळी घातली. नळीच्या टोकाला बाटली. जिथं जाईन तिथं ती हातात धरून न्यायची, माझ्यापेक्षा खाली. जी आजारी माणसं हे वाचत असतील त्यांना खरं सांगतो, मला दुखण्याचा त्रास कमी झाला आणि बसवत नाही याचा जास्त. पडलो की उठावंसं वाटायचं. उठलो की कुठं जायचं ते कळायचं नाही. मी बाटली घेऊन वॉर्डच्या या दारापासून त्या दारापर्यंत जायचो, परत यायचो, खिडकीशी थांबायचो, पुन्हा निघायचो. पाय आपोआप हलायचे. पुस्तक उघडलं तर एकाच ओळीवर डोळे फिरत राहायचे.

बाजूच्या खाटेवर मुरूडचे हुसेनचाचा होते. आयुष्यभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेली, आता त्यांच्याच छातीचं इंजिन धाप टाकत होतं. ते म्हणायचे, “अरे बस रं बाबा. तू दमला नाहीस, पण ती बाटली बिचारी चालून चालून दमली.”

माझ्याजवळ आत्या राहायची. बाबांची धाकटी बहीण, आमच्याच शेजारच्या घरात राहते. आई एक दिवसाआड डबा घेऊन यायची. बाबा सकाळी बंदराचं काम उरकून यायचे, ओल्या पायांनी खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, “बरा हायस ना?” विचारायचे आणि जायचे.

पहिला रिपोर्ट आला तो कसलाच नव्हता. तुकडा पुरेसा मिळाला नाही, पुन्हा काढावा लागेल. माझी वाईट बातमीची तयारी होती, चांगल्याचीही थोडी होती. पण काहीच नाही, याची नव्हती. त्या दिवशी मी सिस्टरवर ओरडलो. नंतर माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ओरड की, मी काय लोणी आहे वितळायला?” आणि इंजेक्शन देऊन गेल्या.

आणि एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगतो. वाट बघणाऱ्याला भेटायला गेलात तर ‘काही नाही होणार’ असं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नसतं, आणि ते तुम्हाला माहीत नाही हे त्यालाही माहीत असतं. त्यापेक्षा बाहेर काय चाललंय ते सांगा. मला एका मित्रानं येऊन फक्त कॉलेजच्या कँटीनमधलं भांडण सांगितलं, सगळं, कोण काय बोललं तेही. तो अर्धा तास मी चाललो नाही.

बाबा फोन ठेवतात

वॉर्डातला टीव्ही बंद होता. आठ वाजता मी मोबाईल डब्याला टेकवून लावायचो आणि चाचा खुर्ची ओढून यायचे. सिस्टर म्हणायच्या, “आवाज कमी. हसणं पण कमी.” हसलं की नळीपाशी कळ यायची. मी उशी घट्ट दाबून धरायचो आणि हसायचो. दिवसभरात पाय हलायचे थांबत ते तेवढ्याच वेळात.

मालिका संपली की मी बाबांना फोन लावायचो.

“बाबा, बघितलंस? म्हसकरनं आज इनामदारला होडीत घातला!”

“हां. बरं. जेवलास?”

“जेवलो. अरे ऐक ना, ज्या नाखव्याला पकडायला निघाले, त्याचीच होडी भाड्यानं—”

“थांब थांब, कारखान्याचा फोन येतोय. ठेवतो.”

कारखाना त्या वेळी बंद असतो. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मी ‘म्हसकर’ एवढंच म्हणालो आणि बाबा मोठ्यानं “हॅलो? हॅलो? काय ऐकू येत न्हाय” म्हणायला लागले. मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला आणि नुसती खरखर आली, मग बंद. मी चाचांना म्हटलं, “बाबा माझ्याशी बोलत नाहीत.”

“बोलतील. बापमाणूस हाय तो. बापाला तोंड उशिरा फुटतं.”

एकदा मी मुद्दाम मालिकेच्या वेळेलाच आईला फोन केला. मागे काहीच आवाज नव्हता.

“आई, टीव्ही बंद आहे?”

“हां. वायर काढलीय.”

“का?”

“उंदरानं कुरतडली.”

सकाळी बाबा आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, “व्होल्टेज न्हाय येत.”

आमच्याकडची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना सांगावी लागेल. घरात कुणी गेलं की पहिल्यांदा टीव्हीची वायर काढतात. सुतक फिटेपर्यंत ती लागत नाही. शेजारीसुद्धा आपला आवाज बारीक करतात. त्यामुळे आमच्या आळीत एखाद्या घरातला टीव्ही संध्याकाळी गप्प असला की येणारा-जाणारा ओटीवरूनच विचारतो, “कोन गेला?”

आणि आमच्या घरातली वायर काढलेली होती. एक म्हणतो उंदीर, एक म्हणतो व्होल्टेज. बाबा माझ्याशी बोलायला घाबरतात. मी खाटेवर बसून हे सगळं जुळवलं. दुसऱ्या तुकड्याचा रिपोर्ट आलेला आहे. तो ‘दुसरं’ म्हणतोय. सगळ्यांना सांगितलंय, मला सोडून. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं, पण तेव्हा माझ्या मनात जराही शंका नव्हती.

पायरीवर

भेटायच्या वेळेत गर्दी असते. मी शर्ट चढवला, बाटली उचलली आणि निघालो. वॉर्ड, जिना, मोठं दार. पायऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा आत्यानं मागून दंड धरला. ती कपडे धुवायला गेली होती, तिचे हात ओलेच होते.

“कुठं निघालास?”

“घरी. टीव्ही लावायला.”

“काय बोलतोस?”

“तुम्ही माझं सुतक धरलंय आत्या. मी जिवंत असताना. वायर काढून बसलेत घरी. मला सांगा ना, काय आलंय रिपोर्टमध्ये? मी लहान आहे का?”

आत्याचा हात वर गेला. मारणारच होती. मग तिला बाटली दिसली आणि तिनं हात खाली घेतला. ती तिथंच पायरीवर बसली. लोक चढत होते, उतरत होते, कुणी तिच्या पदरावर पाय देऊन गेलं.

“रिपोर्ट न्हाय आयला,” ती शेवटी म्हणाली. “देवीशपथ न्हाय आयला. नवस हाय तो.”

नवसाची आमच्या घरातली पद्धत वेगळी आहे. गावदेवीसमोर नारळ ठेवून तो मोठ्यानं बोलायचा, आणि घरच्या लेकीनं बाजूला उभं राहून ऐकायचा. मग तो फिटेपर्यंत दोघांनीही तोंड उघडायचं नाही. घरच्या लोकांजवळसुद्धा नाही. उघडलं तर नवस फुकट जातो म्हणतात.

“आईनं म्हावरं सोडलंय ते माहितीये मला,” मी म्हटलं. आईचं सगळ्यांना कळलं होतं. तिच्या ताटात मासे दिसत नाहीत हे लपवणार कसं?

“हा तुझ्या बापाचा हाय. तू आडमिट झालास त्या संध्याकाळी मला घेऊन गेला. मी बोल्ले, दादा, तंबाखू सोड. तर बोलतो, ती तर डॉक्टर बी सोडायला सांगतो, त्यात देवीला काय? जे सोडताना जीव कळवळंल ते सोडायचं. लय वेळ उभा राहिला. न् मग बोल्ला, माझ्या पोराला दुसरं न्हाय असं कळत न्हाय तवर मी ती पोलिसांची मालिका बघनार न्हाय, ऐकनार न्हाय, तिचं काय इचारनार न्हाय.”

मला हसू आलं. खरंच आलं, आणि उशी जवळ नव्हती, त्यामुळे कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मग हसू गेलं आणि मी आत्याच्या बाजूला बसलो.

“हस, हस,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “तो बिचारा सोडून बसलाय न् तू रोज फोन करून त्याचा नवस मोडाय बघतोस! परवा मी कपडे आनाय घरी गेले होते तवा तुझा फोन आयला, तर तू पुढं बोलशील म्हनून फोन तसाच बर्फाच्या भुशात खुपसला त्यानं. मी बघितला.”

“आईला माहीत नाही?”

“न्हाय. तिला वाटतं, याला काय सुचत न्हाय म्हनून वायर काढली. उंदीर त्यानंच सांगितला तिला, पन तिचा इस्वास न्हाय. आता मी तोंड उघडलं. मला काय व्हायचं ते होवो. पन तू त्याला कळू देऊ नको, मी सांगितलं ते.”

मी विचारलं, “मग मीही बघणं सोडू का?”

“तू सोडलंस तर त्यानं कशापायी सोडलं? तू बघ. त्याच्या वाटचं पन हस.”

ती उठली, माझी बाटली तिनं हातात घेतली, आणि आम्ही वर गेलो. चाचांनी विचारलं, “कुठं गेला होतास?” मी म्हटलं, “खाली.”

पोलीस सोडून

त्यानंतरचा पहिला फोन फार अवघड गेला. पोलीस सोडून बाबांशी काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं.

“बाबा, बंदरावर काय आलं आज?”

“बोंबील.”

“आणखी?”

“बोंबीलच.”

पण त्यांनी फोन ठेवला नाही. मी पोलिसांचं काढत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण जरा वेळानं ते स्वतःहून म्हणाले, “तिथं पंखा लागतो का रं?” मी म्हटलं, लागतो, पण माझ्या खाटेवर वारा येत नाही, चाचांच्या येतो. “मग खाट सरकव ना.” “सरकवू देत नाहीत.” “मी सांगू का येऊन?” अशा गोष्टी. टेम्पोचा गिअर अडतोय. आईनं नवीन चप्पल घेतली, ती चावते. दिवेआगरच्या मामाच्या वाडीत वादळानंतर लावलेल्या पोफळींना आता शिपुटं, म्हणजे सुपारीचे घड, आलीत, मामा मुद्दाम फोन करून सांगत होता. मी बाबांचं इतकं बोलणं आधी कधी ऐकलं नव्हतं. कॉलेजात मला काय शिकवतात हे त्यांनी पहिल्यांदा त्या फोनवर विचारलं. मी सांगितलं. त्यांना सगळं कळलं असेल असं नाही, पण त्यांनी मध्ये तोडलं नाही.

एका संध्याकाळी बोलता बोलता ते थांबले.

“रोशन.”

“हां.”

“भ्या वाटतं का रं?”

“वाटतं.”

“मना बी,” बाबा म्हणाले.

डॉक्टरबाईंच्या खोलीतून ते उठून का गेले होते, ते मला तेव्हा कळलं. माझी भीती त्यानं गेली नाही. रिपोर्ट आलेला नव्हताच. पण ती मी एकटाच बाळगत नव्हतो.

चोरी

मालिकेत त्याच सुमारास चौकीची जीप चोरीला गेली. म्हणजे पोलिसांचीच गाडी, पोलीस चौकीच्या दारातून. इनामदार आणि म्हसकर कुणाला सांगू शकत नाहीत, कारण नोकरी जाईल. म्हणून दोघं कधी एसटीनं, कधी म्हसकरच्या मेहुण्याच्या स्कुटीवरून तपासाला जातात आणि विचारलं की म्हणतात, “इंधन वाचवा मोहीम.” आणि सगळ्यात मोठं कोडं हे की जी गाडी ढकलल्याशिवाय चालू होत नाही, ती चोरानं एकट्यानं नेली कशी?

वॉर्डात दुसरा विषय नव्हता. डबे आणणारी माणसंसुद्धा आपापलं मत देऊन जात.

“दोन चोर असतील,” सिस्टर म्हणाल्या.

“एकच हाय,” चाचा म्हणाले. “गाडी उतारावर लावली असंल. उतारावरनं कोन बी नेतो.”

“चौकी सपाटीवर आहे चाचा.”

“मग इनामदारनंच नेली. तो घाटावरचा. घाटावरच्याचा काय भरोसा?”

आत्या एक दिवस घरी जाऊन आली आणि मला बाजूला घेऊन सांगायला लागली. “दादाचे हाल हायेत रं. सगळं बंदर त्याच जीपचं बोलतंय. टपरीवर चहा घ्यायला जात न्हाय. कोनी जवळ येऊन ‘बर्फवाले, तुम्हाला काय वाटतं’ बोलला की टेम्पोत बसून हॉर्न वाजवतो. लोकांना वाटतं, पोराच्या दुखन्यानं बिघडला.”

जीप कुणी नेली ते एका सोमवारच्या भागात उघड झालं. चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. मी इतका हसलो की सिस्टरनी मोबाईल जप्त करायची धमकी दिली. आणि हसून झाल्यावर मला बाजूला बघायची सवय होती तसं मी बाजूला बघितलं. तिथं सलाईनचा स्टँड होता. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

मांडवा

रिपोर्ट मुंबईत अडकला होता. डॉक्टरबाई म्हणायच्या, तयार झाला की इथं कॉम्प्युटरवर येईल. आज येईल, उद्या येईल. मी पुन्हा दारापासून दारापर्यंत फिरायला लागलो होतो. बाबा त्या दिवशी सकाळी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. टेम्पो कुणाला तरी देऊन आले होते.

“मी जाऊन आनतो.”

“अहो, जाऊन लवकर मिळेल असं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“बर्फ पन फोनवर सांगितला की येत न्हाय मॅडम. जाऊन उभं राहावं लागतं. मग देतात.”

बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. बाबा मांडव्याच्या जेट्टीवरून बोटीनं मुंबईला गेले.

तो दिवस कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. आई डबा घेऊन आली होती, तो कुणी उघडला नाही. आत्या पुटपुटत बसली होती. तिला तिची स्वतःची भीती होती. तोंड उघडल्यामुळे नवस फुकट गेला असला तर? ती मला ते सांगत नव्हती, पण माझ्याकडे बघून नजर वळवायची. मी फिरत होतो. आई म्हणाली, “बस ना रं एकदा.” मी बसलो. उठलो. चाचांनी माझ्या हातात चार्जर दिला, “हा सोडव जरा,” म्हणाले. मी त्याची गाठ सोडवली. त्यांनी तो घेतला, परत गुंडाळला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला. “परत.”

दुपार गेली. भेटायला येणारे आले आणि निघूनही गेले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. मी बाबांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. आई म्हणाली, “बोटीत असतील.” मी मनात म्हटलं, बोटीत असतील म्हणजे कागद हातात असेल. कागद हातात आहे आणि फोन करत नाहीत.

आणि फोन वाजला.

आई उभी राहिली. आत्या भिंतीला टेकली. मी कानाला लावला तर नुसता वारा, इंजिनाची धडधड, मागे कुणीतरी ओरडत होतं. मी म्हटलं, “बाबा?” वारा. “बाबा, बोल ना!”

“रोशन?”

“हां.”

“काय रं,” बाबा ओरडून म्हणाले, “ती पोलिसांची जीप चोरीला गेली म्हनं?”

मी भिंतीकडे तोंड केलं. आई माझी बाही ओढत होती, “काय बोलतात? काय बोलतात रं?” आत्यानं मात्र फोनातलं ‘जीप’ ऐकलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि देवीला हात जोडले.

“हॅलो? ऐकतोस का? अरे, कोनी नेली?”

“बाबा, तू विचारतोयस?” मी म्हणालो.

“इचारतोय ना!” त्यांचा आवाज फुटत होता, आणि तो वाऱ्यानं नव्हता. “टीबी हाय तुला. सादा टीबी. दुसरं न्हाय.”